जिप्सीच्या मागच्या हाउसिंगचा आवाज: हिंडलग्यातल्या अंगणातल्या नोंदी

गाडी मारुती जिप्सी, 1.3 पेट्रोल, कापडी हूड, 2012 चं मॉडेल. मे 2024 मध्ये आजऱ्याकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतली. मीटरवर 81 हजार, खरे किती ते देवाला ठाऊक. एनओसी, केए-22 चा नंबर आणि टॅक्स हा वेगळाच विषय आहे, त्यात इथं शिरत नाही. जांबोटीच्या पुढं आमची काजूची बाग आहे. पावसाळ्यात शेवटचे दोन किलोमीटर फोर-व्हीलशिवाय होत नाहीत, म्हणून ही गाडी. मी मेकॅनिक नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला आहे, तेव्हा हाताला पान्याची सवय आहे एवढंच.

29 सप्टेंबर 2024, रविवार

पाऊस ओसरल्यापासून मागून आवाज येतोय. 40 च्या पुढं गुणगुण सुरू होते, 55 ते 65 मध्ये सूर लावून रडल्यासारखा आवाज, आणि रेस सोडली की घरघर. पहिल्या गिअरला सुटताना खालून एक ‘टक्’. फाटकातून हळू बाहेर काढताना चिमणी ओरडल्यासारखं चूं-चूं.

वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीपर्यंत जाऊन आलो. बायकोला मागच्या सीटवर बसवून चाकाच्या कमानीला कान लावायला सांगितलं. ती म्हणाली, “हे एक नाही, तीन-चार आवाज आहेत.” मी म्हटलं, एकच दुखणं आहे, वेगवेगळं ऐकू येतंय. (पुढचे दोन महिने या वाक्यानं खाल्ले.)

एक गोष्ट मात्र तेव्हाच कळायला हवी होती. शिनोळीजवळ कर्नाटक-महाराष्ट्र हद्द ओलांडली की डांबर बदलतं. कुणाचं चांगलं ते लिहीत नाही, पण बदलतं. तिथं घोंघाव एकदम कमी झाला आणि रडका सूर होता तसाच राहिला. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो, गिअरचा बदलत नाही. हे मी वहीत लिहिलं आणि विसरलो.

एका गॅरेजमध्ये दाखवली. चालवूनही न बघता, “हाउसिंग जुनं आख्खं घाला, 22 हजार.” (हाउसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं लोखंडी कवच, एक्सल आणि गिअर त्याच्या आत असतात.) घरी आलो.

2 ऑक्टोबर

सुट्टी. चारही टायर मागचे पुढं, पुढचे मागं केले, हवा सारखी केली. घोंघाव मागून पुढं सरकला. म्हणजे तेवढा भाग टायरचाच. मागच्या दोन टायरच्या गोट्या एकाआड एक झिजल्या होत्या; हात एका दिशेनं फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखं लागतं. टायर आत्ता बदलत नाही.

सूर, टक् आणि चूं-चूं जागेवर. खर्च शून्य, अर्धा दिवस.

6 ऑक्टोबर, रविवार

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून मागचं हाउसिंग घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतलं. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, एवढंच एकदा सांगतो.

एक हात कमान-पाट्यांवर ठेवून दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. ही युक्ती शेजारच्या लेथवाल्या मामांनी सांगितली. उजवीकडं पाटा शांत. डावीकडं बारीक खरखर, तांदळात खडा लागावा तशी. रस्त्यावर उजव्या वळणाला घरघर वाढत होती तेही जुळलं, कारण उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो.

ड्रम काढला तर आत ऑइल. सील गेलेलं, ब्रेक शू भिजलेले. हँडब्रेक नावालाच का होता ते कळलं. मला वाटलं चोर सापडला.

11 ऑक्टोबर

बॅकप्लेटचे चार नट काढून एक्सल ओढला. हातानं येत नाही, सरकत्या हातोड्याचा झटका लागतो. माझ्याकडं नव्हता, फौंड्रीतल्या भंगारातला एक लोखंडी गोळा आणि रॉड जोडून केला. बेअरिंगमागची रिंग छिन्नीनं तोडायची, तिला आधी ग्राइंडरनं एक खाच पाडायची, पण एक्सलला ग्राइंडर टेकता कामा नये. एवढं नीट जमलं.

आज खंडेनवमी. सकाळी पान्यांची पूजा करून दुपारी तेच पाने हातात घेतले म्हणून आई रागावली. हत्यारांना आज विश्रांती असते. पुढं जे झालं त्यावर तिचं मत ठाम आहे.

13 ऑक्टोबर, रविवार

नवीन बेअरिंग आणि रिंग उद्यमबागेत प्रेसवर बसवून आणली. घरी येऊन बघतो तर बेअरिंगच्या आधी एक्सलवर चढवायची रिटेनर प्लेट बाकावरच पडलेली. प्रेसवाल्याला मी दिलीच नव्हती. बसवलेलं नवं बेअरिंग तोडून काढावं लागलं, दुसरं आणलं. बेअरिंग 680, रिंग 90, प्रेसचे 150: 920 रुपये पाण्यात. आता एक्सल प्रेसला नेताना सगळे भाग ज्या क्रमानं चढतात त्या क्रमानं तारेत ओवून नेतो.

रात्री साडेआठला चाक लावलं. उजव्या वळणाची घरघर गेली, ब्रेक चांगले लागले. सूर आहे तसाच.

20 ऑक्टोबर, रविवार

हे आधी करायला हवं होतं: हाउसिंगमधलं ऑइल बघणं. काहीच खर्च नाही, दहा मिनिटं.

वरचा भरायचा नट आधी सैल करून बघितला, मगच खालचा काढला. खालचा आधी काढला आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथंच अडकते. ऑइल आलं ते दूध फाटलेल्या कॉफीसारखं. तळाला जो गाळ होता त्याचा रंग आणि दाणा बघून मुलगा म्हणाला, “कुंदा!” (आमच्या बेळगावची मिठाई.) त्यानंतर घरात आठवडाभर कुणी कुंदा खाल्ला नाही. जुन्या स्पीकरचं चुंबक ट्रेमध्ये फिरवलं, त्याला राखाडी मिशा आल्या. पीठ असेल तर चालतं म्हणतात. माझ्या पिठात चार-पाच बारीक पापुद्रे होते.

पाणी आलं कुठून? हाउसिंगवरच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करायच्या भोकाची) टोपी लाल मातीनं लिंपलेली, आत फुंकर जाईना. जुलैत बागेच्या वाटेवरचा ओहोळ मी दर खेपेला ओलांडत होतो, पाणी हबच्या वर. पंचवीस किलोमीटर चालून तापलेलं हाउसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असला की हाउसिंग सीलमधून हवा ओढतं आणि हवेऐवजी पाणी आत येतं. गाडी बंद करून मी बागेत काम करायचो आणि पाणी बेअरिंगच्या खालच्या अर्ध्या भागात तसंच बसून राहायचं.

दोन लिटर 80डब्ल्यू-90 आणलं. मावतं सुमारे दीड लिटर. भरलं आणि ठरवलं की आता आवाज जाईल. जाणार नव्हता. खड्डे पडलेलं पोलाद नव्या ऑइलनं भरून येत नाही हे फौंड्रीत काम करणाऱ्याला सांगायला लागू नये. पण 760 रुपये खर्चल्यावर माणूस आशावादी होतो. पुढचे पंधरा दिवस “कमी झाल्यासारखा वाटतोय” म्हणत फिरलो.

1 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन, शिवाय इकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि त्याच्या निषेधाची, मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी. बेळगावात आज क्रॉस (गाडीखालच्या लांब शाफ्टच्या सांध्यातला भाग) कोण देणार? काम बंद. फोनवर 60 च्या वेगातला आवाज रेकॉर्ड करून ठेवला, आधीच्या रेकॉर्डशी ताडून बघितला. तसूभरही कमी नाही.

3 नोव्हेंबर, रविवार

अंदाज पुरे. मागचा प्रोपेलर शाफ्टच काढला, म्हणजे मागच्या चाकांकडं जोर नेणारा दांडा.

जिप्सीला या कामात एक सोय आहे. ट्रान्सफर केस (जोर पुढं-मागं वाटणारा डबा) वेगळी आणि मध्ये डिफ्रन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नाही. मागचा शाफ्ट पूर्ण काढून, पुढचे हब लॉक करून लिव्हर 4एच ला (चारही चाकांना जोर) टाकली की गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. एरवी डांबरावर 4एच टाकू नये, शाफ्ट एकमेकांना पिळतात. पण मागं शाफ्टच नसला की पिळायला काही उरत नाही. दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट आहेत. गंजलेले होते, आदल्या रात्री डिझेल मारून ठेवलं.

इथं दोन चुका.

पहिली. शाफ्ट काढला आणि गाडी गिअरमध्ये आहे म्हणून दगड काढले. 2एच मध्ये (नेहमीच्या टू-व्हीलला) गिअरचा जोर फक्त मागच्या शाफ्टकडं जातो, आणि तो माझ्या हातात होता. हँडब्रेक मी ओढलाच नव्हता. गाडी फूटभर घरंगळली आणि बंपर तुळशी वृंदावनाला टेकला. मी तोवर खालून बाहेर आलो होतो, म्हणून ही नोंद लिहितोय. वृंदावनाच्या कडेचा टवका उडाला. आईनं खंडेनवमीची आठवण करून दिली.

दुसरी. शाफ्टवर खुणा न करता तो काढला. तिचा हिशेब पुढं.

हब लॉक करून 4एच मध्ये उचगाव फाट्यापर्यंत जाऊन आलो. सूर नाही. टक् नाही. चूं-चूं नाही. फक्त टायरचा घोंघाव, तोही आता पुढून. महिनाभर मी गिअरबॉक्सवरही संशय घेत होतो, तो वीस मिनिटांत फिटला.

4 ते 9 नोव्हेंबर, संध्याकाळी थोडं थोडं

शाफ्ट बाकावर. मागचा क्रॉस एका दिशेला मोकळा, दुसऱ्या दिशेला अडकत होता, सायकलच्या जुन्या पेडलसारखा. सर्क्लिप काढून कप ठोकून बाहेर काढला तर आत ग्रीस नाहीच; सुयांच्या (बेअरिंगमधल्या बारीक रोलरांच्या) जागी कुंकवासारखी लाल पूड. क्रॉसच्या दांड्यावर सुयांचे ठसे नखाला लागत होते. चूं-चूं हाच. पुढचा क्रॉस बरा होता, तरी दोन्ही बदलले, 520 ला एक. कप दाबताना एक सुई आडवी पडली की कप पूर्ण बसत नाही आणि सर्क्लिप खाचेत जात नाही. तिथं हातोडा मारायचा नाही, परत काढून बघायचं. मला तीनदा काढावं लागलं.

सरकत्या स्प्लाइनमधलं (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसतात त्या दातांमधलं) ग्रीस वाळून मेण झालेलं. दोन्ही भाग वेगळे करून डिझेलनं धुतले, नवं ग्रीस भरलं, जोडले.

10 नोव्हेंबर, रविवार

शाफ्ट लावला. चूं-चूं गेलं, ‘टक्’ बरंचसं गेलं. पण 50 च्या पुढं गाडी अशी थरथरली की आरसा दिसेना. आधी हे नव्हतं.

खुणा न केल्याची फळं. स्प्लाइन जोडताना दोन टोकांचे काटे (क्रॉस धरणारी दुबेळकी) एका रेषेत यायला हवे होते. माझे काही दात फिरून बसले होते. क्रॉसमधून शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढं-मागं होतो, आणि काटे एका रेषेत असले तरच एका टोकाचा झोल दुसरं टोक खातं. परत खाली शिरलो, बोल्ट काढले, स्प्लाइन ओढून काटे जुळवले, या वेळी पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारली. फ्लँजवरही (शाफ्ट ज्या चकतीला बोल्टनं बसतो तिच्यावर) मारली. थरथर गेली. दोन रुपयांच्या खडूनं वाचला असता असा अर्धा दिवस.

उरला सूर.

16 नोव्हेंबर, शनिवार

ही नोंद लिहायची इच्छा नव्हती.

शाफ्ट परत सोडवून पिनियनचा (शाफ्टनं फिरणाऱ्या छोट्या गिअरचा) फ्लँज वर-खाली हलवला. हलतो. फार नाही, पण हलतो. सील ओलं. पिनियनच्या बेअरिंगला प्ले (ढिलाई) आहे हे समजलं तिथंच थांबायला हवं होतं. मी मात्र लांब पाइप लावून पिनियनचा नट आवळला. प्ले गेला. मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

जांबोटी रस्त्याला पंधरा किलोमीटर गेलो. सूर कमी होता, खरंच कमी होता. उतरून हाउसिंगच्या नाकाला (पिनियनच्या बाजूच्या टोकाला) हात लावला आणि झटकन काढला. थुंकी लावली तर चर्र. थांबलो, तासभर गार होऊ दिलं, 30 च्या वेगानं घरी परत.

झालं असं की पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये एक पातळ नळी असते. पहिल्यांदा बसवताना ती ठरावीक मापाला दबते आणि त्यावरच बेअरिंगचा ताण ठरतो. नट पुन्हा आवळला की ती आणखी दबते, आणि दबलेली परत उठत नाही. मग नट सैल करूनही उपयोग नाही. खराब बेअरिंगना मी घट्ट आवळून तापवलं. मूळ दुखणं पाण्याचं होतं, पण शेवटचा घाव माझा.

17 नोव्हेंबर

लेथवाल्या मामांना सगळं सांगितलं. हसले नाहीत, हेच फार. “आता हात लावू नकोस की ओ. मिस्त्रीकडं ने.” त्यांच्या ओळखीचे मिस्त्री उद्यमबागेतच, साठीचे. त्यांनी गाडी आधी स्वतः चालवली, तीनदा. एकदा रेस देत, एकदा रेस सोडून, एकदा रेस नुसती धरून. ऐकताना ते खिडकीची काच खाली घेत नाहीत, वर घेतात. वारा कानात नको म्हणून. मी दीड महिना उघड्या हुडात आवाज शोधत होतो.

त्यांच्या पोरानं फ्लँज हातानं फिरवला आणि एका कानडी शब्दात निकाल दिला: “होगेद्री.” गेलंय.

19 ते 23 नोव्हेंबर

डिफ्रन्शियल बाहेर. त्यासाठी दोन्ही एक्सल ओढावे लागतात; माझा घरगुती हातोडा मिस्त्रींना आवडला, ठेवून घेतला. मी रोज कामावरून सुटल्यावर जाऊन बसायचो.

पिनियनच्या आतल्या बेअरिंगच्या रोलरांवर एका बाजूला गंजाचे डाग, एका रेषेत. पाणी कुठपर्यंत उभं होतं ते त्या रेषेवर वाचता येत होतं. बाहेरचं बेअरिंग निळसर पडलेलं, ते माझं काम. क्राउनच्या (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या) दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर बारीक ठिपके. मी विचारलं, ही राहू देऊ का? मिस्त्री म्हणाले, “राहू दे. पुढच्या दिवाळीला परत ये.” 1,400 रुपये काढून दिले.

दबायची नळी बेळगावात मिळेना. एका दुकानदारानं जुनीच थोडी ताणून घाला म्हणून सांगितलं. ती लवचीक वस्तू नाही, नको. कोल्हापूरहून बसच्या पार्सलनं मागवली. नळी 160 ची, दोन दिवस गेले.

बसवताना मिस्त्रींची पद्धत बघण्यासारखी होती. नट थोडा थोडा आवळायचा, फ्लँजभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्यानं ओढायची, काट्यावर किती येतं ते बघायचं, पुन्हा किंचित आवळायचं. शेवटी शेवटी तर पाना हललाय की नाही ते दिसत नव्हतं. अर्धा तास गेला. मी हे काम पाइप लावून दहा सेकंदांत केलं होतं.

मग दातांवर शेंदूर. खरोखरचा, तेलात कालवलेला. क्राउनच्या सात-आठ दातांना लावून पिनियन दोन्हीकडं फिरवला. शेंदूर जिथून पुसला जातो तिथं दात दाताला भेटतो. पुढच्या बाजूला ठसा दाताच्या मधोमध, छान. उलट बाजूला, म्हणजे रेस सोडल्यावर जी लागते तिथं, ठसा कडेला सरकलेला आणि दातांवर आधीचीच झीज. मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं: रेस सोडल्यावर थोडा आवाज राहील. तो घालवायचा तर क्राउन-पिनियनची जोडी नवीन. मी जोडी घातली नाही. बागेला जायची गाडी आहे, रेस सोडल्यावर थोडं गुणगुणली तर गुणगुणू दे.

24 नोव्हेंबर, रविवार

हायवेनं हत्तरगीपर्यंत जाऊन आलो. 60 ला रेस देऊन सूर नाही. रेस सोडली की 55 ते 50 मध्ये दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण. हाउसिंगचं नाक कोमट, हात ठेवता येतो.

आई म्हणाली, गाडी आली कळलंच नाही. आधी कोपऱ्यावरून कळायची आणि ती चहा ठेवायची.

1 डिसेंबर, रविवार

ब्रीदरचं काम. टोपी काढून तिथं निपल, त्यावर रबरी नळी, हाउसिंग खाली-वर होतं म्हणून मध्ये सैल वळसा देऊन वर मागच्या दिव्याच्या आतल्या बाजूला नेली. टोकाला एक छोटा पेट्रोल फिल्टर खोचला, धूळ जाऊ नये म्हणून. सगळं मिळून 150 रुपये. पुढच्या हाउसिंगचंही करायचं आहे. तिथलं ऑइल बघितलं, ते स्वच्छ निघालं. का ते कळलं नाही, पण तक्रार नाही.

आतापर्यंतचा खर्च, कुणाला हवा असेल म्हणून: चाकाची बेअरिंग, रिंगा, सील, प्रेस (दोनदा) 1,950, ब्रेक शू 850, ऑइल दोन वेळा 1,520, क्रॉस आणि ग्रीस 1,220, पिनियनची बेअरिंग, सील, नळी, नट 2,310, क्राउनची बेअरिंग 1,400, मिस्त्री 3,500, धुवायचं डिझेल आणि पेस्ट 300, ब्रीदर 150. एकूण 13,200. यातलं पहिलं ऑइल आणि तोडलेलं बेअरिंग मिळून 1,680 निव्वळ माझ्या घाईचे. प्रत्यक्ष काम दहा-अकरा दिवसांचं, लागले नऊ आठवडे.

वृंदावनाचा टवका सिमेंटनं भरला, रंग जुळला नाही.

5 जानेवारी 2025, रविवार

सुमारे हजार किलोमीटर झाले. दोनदा बाग, एकदा कणकुंबीहून चोर्ल्यापर्यंत. वरचा नट काढून बोट घातलं: ऑइल मधाच्या रंगाचं, पाण्याचा माग नाही. चुंबकावर थोडं पीठ, पापुद्रे नाहीत. पिनियनच्या सीलखाली वर्तमानपत्र घालून रात्रभर ठेवलं, सकाळी कोरडं. शाफ्टवरच्या पांढऱ्या रेघा एका रेषेत. डाव्या ड्रमच्या आत अजून बघितलेलं नाही, पुढच्या रविवारी.